काडीच्या मापाचा पतंग

मित्रांनो, मी एक जुना पतंग आहे. पण पतंग म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जो येतो, तो मी नव्हे. माझ्या अंगात कागद नाही, कामटी नाही, मला शेपटीही नाही. मी सगळा कापडाचा आहे. माझ्या पोटात बारा कप्पे आहेत आणि त्यांची तोंडे पुढून उघडी आहेत. वारा आत शिरला की मी फुगतो, ताठ होतो आणि ओढू लागतो. दुकानात आम्हाला पॉवर काइट म्हणत. आम्हाला काटाकाटी ठाऊक नाही. आमचे काम एकच, माणसाला ओढायचे. म्हणून आम्ही समुद्राकाठच्या मोकळ्या वाळूवरच उडतो.

मला तीन दोऱ्या आहेत. त्यांतल्या दोन एका दांडीच्या दोन टोकांना जोडलेल्या आहेत. दांडीचे उजवे टोक ओढले की मी उजवीकडे वळतो, डावे ओढले की डावीकडे. तिसरी दोरी उडवणाऱ्याच्या मनगटावरच्या पट्ट्याला बांधतात. हातातून दांडी सोडली की सगळा ताण त्या एकाच दोरीवर येतो आणि मी फुस्स होऊन खाली पडतो. अशी दोरी आमच्या जातीतल्या बहुतेक पतंगांना असते.

आज माझा पिवळा रंग उडाला आहे. अंगावर काळे ठिपके आहेत आणि डाव्या बाजूला सात टाके आहेत. तरीही छातीठोकपणे सांगतो, मी कामाचा आहे. कसा ते ऐका.

माझा जन्म एका शिलाईच्या कारखान्यात झाला. लांबलचक टेबले, ओळीने आठ यंत्रे आणि कापडाच्या कातरणांचा ढीग. मला शिवणारी बाई डावखुरी होती. माझा नववा कप्पा शिवताना तिच्या यंत्राने चारपाच टाके सोडले. ते आतल्या बाजूला होते, बाहेरून दिसत नव्हते. शेजारची म्हणाली, "जाऊ दे ना गं. आतलं कोण बघतंय?" डावखुरी म्हणाली, "वारा बघतो." आणि तिने ती सगळी शिवण उसवून पुन्हा घातली. त्या दिवशी तिचा डबा खायचा राहिला. मित्रांनो, माझ्या अंगातली ताकद मी कमावलेली नाही, ती त्या बाईने मला दिली आहे.

तिथून मी एका दुकानात आलो. समुद्रापासून दोन गल्ल्या आत, खाली दुकान आणि वर घर. दुकानाच्या मालकीणबाईंना सगळे काकू म्हणत. त्यांनी अर्धे आयुष्य होड्यांची शिडे शिवली होती, त्यामुळे हाताला घट्टे आणि जिभेला धार. त्यांनी मला खिडकीजवळच्या खुंटीला टांगले. माझे क्षेत्रफळ अडीच चौरस मीटर. माझ्या शेजारी पाच मीटरचा एक पतंग होता, लाल आणि काळा, अगदी देखणा. दारातून येणारा प्रत्येक जण आधी त्याच्याकडे बघायचा. मी त्याच्यापुढे घरातल्या धाकट्या भावासारखा दिसायचो.

एका शनिवारी एक बाप आणि त्याची मुलगी दुकानात आले. बाप लिफ्ट दुरुस्त करणारा होता. धिप्पाड, जाड भिंगांचा चष्मा, खिशात नेहमी एक पेचकस. मुलगी तेरा वर्षांची आणि इतकी बारीक की घरात तिचे नावच काडी पडले होते. काडीची आई परिचारिका होती आणि एका वर्षासाठी तिची बदली दूरच्या रुग्णालयात झाली होती. मागे उरलेल्या दोघांना एकमेकांशी काय बोलावे तेच कळत नसे. जेवण होई, भांडी होत आणि घर गप्प होऊन जाई. शेवटी आई फोनवर म्हणाली होती, "अहो, दोघं मिळून काहीतरी करा. नुसते भिंतीकडे बघत बसू नका." काडीने समुद्रावर कुणालातरी असा पतंग उडवताना पाहिले होते. तिने तोच मागितला.

आता या बाबांची एक खोड सांगतो. ते मुलीसाठी प्रत्येक वस्तू वाढत्या अंगाची घेत. बुटांच्या पुढच्या टोकात कापूस. कोटाच्या बाह्यांना दोन दुमडी. त्या वर्षी शाळेच्या शर्यतीत काडी पहिली येत होती, तेव्हा मोठा बूट पायातून निसटला आणि ती तोंडावर आपटली. घरी येऊन तिने बापाला काही सांगितले नाही. नुसता बूट पलंगाखाली भिरकावला. हे सगळे मला पुढे तिच्याच तोंडून कळले.

बाबांनी दुकानात शिरताच लाल पतंगाकडे बोट केले. "हा द्या."

काकूंनी विचारले, "उडवणार कोण?"

"ही."

काकूंनी काडीला वरपासून खालपर्यंत पाहिले. "वजन किती गं तुझं?"

"अडतीस."

"मग हा नाही, तो." त्यांनी माझ्याकडे हात केला.

"एवढासा?" बाबा हसले. "अहो, वाढतं वय आहे तिचं. दोन वर्षांत लहान पडेल."

"दादा, हा काय शाळेचा गणवेश आहे? खालून दुमडून शिवायला?" काकू म्हणाल्या. "पहिला पतंग आजच्या अंगाला बघून घ्यायचा. माणसाचं वजन आणि तुमच्याकडचा वारा, या दोन गोष्टी बघायच्या. रंग शेवटी."

"मोठ्यात लहान मावतं. लहानात मोठं मावत नाही."

"डब्यांचं ते खरं आहे. वाऱ्याचं नाही. नाकापेक्षा मोती जड झाला की नाकच तुटतं."

काडी इतका वेळ माझ्या शिवणीवरून बोट फिरवत होती. ती खाली मान घालून हळूच म्हणाली, "बाबा, या वेळी माझ्या मापाचं घ्या ना."

बाबांनी ऐकले, पण ते त्यांच्या कानातच राहिले, आत उतरले नाही. ते म्हणाले, "मी असतो ना बरोबर. धरीन मी." काकूंना मुलीचा चेहरा दिसला असावा. त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी समुद्रावर या. दोन्ही आणते. आधी उडवा, मग ठरवा."

रविवारी सकाळी ओहोटी होती. वाळू ओली, घट्ट आणि मैदानासारखी सपाट. वारा किनाऱ्याच्या कडेकडेने वाहत होता, फार नाही, पण अखंड. बऱ्याच अंतरावर जुन्या लाकडी खुंटांची एक रांग समुद्रात गेली होती. काकूंनी त्या खुंटांपासून दोनशे पावले मोजून जागा ठरवली. मला वाळूवर पालथा घातला आणि उडू नये म्हणून माझ्या कडेवर ओंजळभर वाळू टाकली. मग दोघांना जवळ बोलावून त्यांनी समजावले. "आकाश म्हणजे घड्याळ समजा. पतंग डोक्यावर, बाराच्या जागी असला की तो गरीब गाय असतो. तुमच्या समोर खाली उतरला की बैल. आणि काही बिघडलं तर एकच करायचं, हात उघडायचे. दांडी सोडायची. पट्टा बाकीचं करतो."

काडी एकेक शब्द पीत होती. बाबा मनगटाला पट्टा बांधता बांधता लाल पतंगाकडे बघत होते.

"आधी छोटा उडवा, दादा," काकू म्हणाल्या.

"पंच्याऐंशी किलो वजन आहे माझं. मला काय होतंय?"

काकूंनी खांदे उडवले आणि लाल पतंग वाऱ्यात उभा केला.

तो उठला तेव्हा खरोखर सुंदर दिसला, हे मला कबूल केलेच पाहिजे. बाराच्या जागी जाऊन क्षणभर थांबला. बाबा ओरडले, "बघ काडी, कसा आहे!" आणि मुलीकडे बघण्याच्या नादात त्यांनी दांडीचे एक टोक खाली ओढले. पतंग गर्रकन वळला आणि सरळ समोर उतरला. बाबांचा तोल पुढे गेला. चार पावले ते टाचा उचलून पळाले, मग पोटावर पडले आणि वाळूवरून ओढले जाऊ लागले.

मी वाळूवर पडून सगळे पाहत होतो. ते खुंटांच्याच दिशेने निघाले होते. घाबरलेला माणूस हातात जे असेल ते घट्ट धरतो. बाबांनी दांडी अशी आवळली होती की बोटे पांढरी पडली. पतंग वर जाई, पुन्हा खाली येई आणि दरवेळी नवा हिसका देई. काकू धावल्या, पण त्यांचे वय झाले होते. काडी धावली. बापाच्या शेजारून, पाण्यातून, अनवाणी.

"बाबा, दांडी सोडा!"

बाबांना ऐकूच गेले नाही.

"बाबा! हात उघडा! हात!"

"हात" हा शब्द त्यांना कळला. त्यांनी बोटे उघडली. दांडी सुटली, तिसरी दोरी ताणली गेली आणि तो मोठा लाल पतंग धुतलेल्या चादरीसारखा चुरगळून खाली आला. खुंट वीस पावलांवर राहिले होते.

बाबा उठून बसले. तोंडातली वाळू थुंकली. गुडघे सोलले होते, सदरा फाटला होता. पहिले वाक्य ते बोलले ते असे, "माझा चष्मा कुठाय?" काडीने तो शोधून आणला. चष्म्याची एक काडी तुटली होती. बाबांनी तो हाताने नाकावर धरला आणि आधी खुंटांकडे पाहिले, मग मुलीकडे.

"तुझं वजन अडतीस, होय ना?" त्यांनी विचारले.

"हो."

बाबांनी चष्मा नाकावरून खाली घेतला. मग म्हणाले, "लिफ्टमध्ये मी स्वतः पाटी लावतो. सहा माणसं. सातवा चढला तर त्याला हाताला धरून खाली उतरवतो. आणि तुला मी..."

काकू धापा टाकत पोहोचल्या. "चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "दुकानातच ठाम नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं, आपटतील आणि शिकतील. एवढं होईल असं वाटलं नव्हतं."

काडी बापाच्या गुडघ्यावरची वाळू झटकत होती. खाली बघतच तिने विचारले, "बाबा, माझे बूटसुद्धा मापाचे आणाल?" आणि मग शर्यतीची सगळी गोष्ट सांगितली. बाबा ऐकत राहिले. या वेळी शब्द आत उतरला. ते म्हणाले, "अगं, मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही इतक्या आनंदाने आणले होते."

बाबांनी तिचे अनवाणी पाऊल हातात घेतले आणि वितीने मोजले.

मग माझी पाळी आली. काडीने स्वतः माझ्या कडेवरची वाळू झाडली, पट्टा मनगटाला बांधला, दोनदा ओढून पाहिला. काकूंनी मला उचलले. वारा माझ्या बाराही कप्प्यांत शिरला आणि मी उठलो. सुरुवातीला तिने मला दोनदा वाळूत आपटले. तिसऱ्यांदा डोक्यावर ठेवले. "आता हळूच उजवं ओढ," काकू म्हणाल्या. मी उजवीकडे उतरलो आणि जोर लावला. काडी मागे रेलली, टाचा वाळूत रोवल्या. ती दोन पावले घसरली, थांबली आणि खदखदून हसली.

"बाबा! हा माझ्याएवढाच ओढतोय!"

आजवर माझी पुष्कळ स्तुती झाली, पण त्या वाक्याच्या तोडीचे काही नाही. पाऊण तासाने तिने दांडी बापाच्या हातात दिली आणि त्यांना शिकवू लागली. "बाबा, हात खाली. कंबर मागे. पतंगाकडे बघा, माझ्याकडे नको." बाबा निमूटपणे ऐकत होते. माझ्या अडीच मीटरांनी त्या धिप्पाड माणसालाही घाम फोडला. संध्याकाळी मी त्यांच्या घरी आलो. फोनवर आईने विचारले, "मग, काय केलंत आज?" आणि दोघे एकदम बोलू लागले.

पुढची सहा वर्षे माझी भरभराटीची होती. जवळजवळ दर रविवारी आम्ही समुद्रावर जात असू. उडवण्याइतकेच न उडवणेही शिकावे लागते, हे काडी माझ्याबरोबर शिकली. एकदा दोन बस बदलून आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो, तर वारा जमिनीकडून समुद्रात वाहत होता. असा वारा माणसाला पाण्यात ओढून नेतो. काडीने ओला अंगठा वर धरला, मला पिशवीतून काढलेसुद्धा नाही, आणि बापाला म्हणाली, "चला, घरी." किनाऱ्यावरचा जीवरक्षक हे पाहत होता. तो म्हणाला, "शाबास पोरी! तुझ्यासारखे दहा असते तर मला दिवसभर सावलीत बसता आलं असतं."

माझ्यावर कितीतरी जण शिकले. बाबांचे कामावरचे दोघे सोबती, शेजारचे आजोबा, काडीच्या चार मैत्रिणी. मी फाटलो नाही आणि कुणाला पाडलेही नाही. थोडी वाळू खाऊ घातली असेल, तेवढे चालायचेच. घरी आले की काडी मला गोड्या पाण्यातून काढी, दोरीवर सावलीत वाळत घाली आणि माझ्या दोऱ्या दांडीवर इंग्रजी आठाच्या आकड्यासारख्या गुंडाळून ठेवी. म्हणूनच मी टिकलो.

मग काडी मोठी झाली. तिने चार दोऱ्यांचा मोठा पतंग घेतला आणि तो तिला शोभला, कारण आता तिचे अंग आणि हात दोन्ही तयार होते. मला वाईट वाटले नाही. शिकवणाऱ्याचे कामच असे की शिष्य पुढे जावा. वाईट वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. ती शिकायला परगावी निघाली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही शेवटचे समुद्रावर गेलो. अचानक सर आली. घाईघाईत मला ओलाच पिशवीत कोंबले आणि ती पिशवी माळ्यावर गेली. "उद्या वाळवते," ती म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी तिची गाडी होती.

माळ्यावर मी पाच वर्षे काढली. अंगातले मीठ सुकून कडक झाले, शिवणी चिकटल्या, कापडावर बुरशीचे काळे ठिपके उमटले. दोऱ्यांचा गुंता झाला. खाली घरात बोलणे ऐकू येई, भांडी वाजत, माझे नाव कुणी काढत नसे. मी कुणाला दोष देत नाही. पण ओल्या अंधारात घडी होऊन पडणे म्हणजे काय, ते मला चांगले ठाऊक आहे.

मला तिथून काढले आईने. ती नुकतीच सेवानिवृत्त झाली होती आणि माळा आवरत होती. बदलीहून परतल्यापासून समुद्रावर ती पिशव्या सांभाळायची, पाण्याच्या बाटल्या द्यायची, टाळ्या वाजवायची. दांडी तिने कधी हातात घेतली नव्हती. तिने मला उलगडले, वास आला तसे नाक मुरडले आणि बाबांना हाक मारली.

"अहो, मला हा शिकायचाय."

बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "हा? हा गेला आता. तुला नवीन घेऊ." त्यांनी लगेच काडीला फोन लावला. काडीही म्हणाली, "आई, नवीनच घे. किती मीटरचा ते मी सांगते."

"आधी याला काय झालंय ते बघू दे मला," आई म्हणाली. "पेशंटला न तपासताच बाहेर काढायची आमच्याकडे पद्धत नाही."

तिने मला मोठ्या टबात कोमट पाण्यात भिजत घातले. तीनदा पाणी बदलले. हाताने, न पिळता, एकेक कप्पा धुतला. ठिपके गेले नाहीत, पण कापड मऊ झाले. सावलीत वाळल्यावर तिला माझ्या डाव्या बाजूला, चिकटलेली घडी उलगडताना पडलेली चीर दिसली. बाबांनी दोऱ्या सोडवायला घेतल्या. लिफ्टचे जाड तारदोर हाताळलेला माणूस तो, तीन संध्याकाळी जमिनीवर बसून त्याने गुंता सोडवला, एकही गाठ कापली नाही. आई दिव्याखाली सुई घेऊन बसली.

"पस्तीस वर्षं डॉक्टरांच्या हातात सुई दिली," ती म्हणाली. "आज माझी पाळी."

सात टाके. माझ्या अंगावरची सगळ्यात सुरेख शिवण तीच आहे.

पुढच्या सुटीत काडी घरी आली. आल्या आल्या तिने माझे टाके ओढून पाहिले, पट्टा तपासला, दोऱ्या मोजल्या. आईला वजनकाट्यावर उभे केले. मग म्हणाली, "चालेल. हलक्या वाऱ्यात याच्यासारखा दुसरा नाही." मग ठिपक्यांवरून हात फिरवत ती माझ्याशीच बोलल्यासारखी पुटपुटली, "ओला ठेवला होता मी. चुकलं माझं."

समुद्रावर आईने दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. "सुटला तर?" तिने विचारले.

"सुटू दे. पट्टा आहे," काडी म्हणाली. बाबा मागे उभे राहिले, हात पुढे करून, पण तिला स्पर्श न करता.

काडीने मला उचलले. पाच वर्षांनी वारा पोटात शिरला. टाके ताणले गेले, पण धरून राहिले. मी बाराच्या जागी जाऊन उभा राहिलो आणि आईला कळेल इतपतच ओढ दिली. अठ्ठावन्न वर्षांची ती बाई मागे रेलली, पाय रोवले, आणि तिच्या तोंडून जो आनंदाचा चीत्कार निघाला तो ऐकून किनाऱ्यावरची माणसे वळून बघू लागली. पाऊण तास ती कुणाला दांडी देईना. बाबांनी दोनदा मागितली. ती म्हणाली, "रांगेत या."

मित्रांनो, मी कुणाकडे दयेची भीक मागत नाही. तुमच्याकडे एवढेच मागतो. पहिला पतंग निवडताना दुकानातल्या सगळ्यात देखण्याकडे धावू नका. आपले वजन सांगा, आपल्याकडचा वारा सांगा आणि जाणत्या माणसाचे ऐका. घरी आणल्यावर त्याला गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा आणि कितीही घाई असली तरी ओला घडी करू नका. "उद्या वाळवतो" म्हणू नका. वस्तू जुनी झाली म्हणून टाकून देण्याआधी एकदा तिला तपासून तरी बघा. एवढे केलेत तर आमच्यासारखे तुमच्या घरातल्या तिघांना, चौघांना शिकवून पुन्हा कामाला उभे राहतात.

माझी अजून दहा वर्षे सहज जातील. उद्या वारा समुद्राकडून आहे, असे बाबा मघाशी बातम्या ऐकून सांगत होते. आईने माझी पिशवी आत्ताच दाराशी आणून ठेवली आहे.